प्रभूच्या मेजापासून उठून जायचो तेव्हा

इंदूमावशींचं नाव मी आधी लिहितो. भाटघरच्या त्या. ख्रिस्ती नाहीत, प्रार्थनेला कधी आल्या नाहीत. पण देवाची दया कशी असते ते मला त्यांच्या ओसरीवर कळलं.

माझं गाव लांब, नेवाशाकडं. आठवीत शाळा सोडली आणि कामथडीजवळ एका पोल्ट्रीवर कामाला आलो. मावशी तिथंच होत्या. लहान पिल्लांच्या शेडचे पडदे उघडायचं-लावायचं काम त्यांच्याकडं असायचं. थंडीतल्या एका दुपारी त्या जेवायला गेल्या आणि मला आईचा फोन आला. चिवचिवाटात ऐकू येईना, म्हणून बाजूचा पडदा वर करून बाहेर आलो आणि बोलतच राहिलो. घरचं कुणी बोलायला लागलं की मला वेळ कळत नाही. पडदा तसाच राहिला. गार वारं आत शिरलं, पिल्लं उबेसाठी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली आणि खालची गुदमरून मेली. मालकांनी मावशींना बोल लावला, त्याच दिवशी कामावरून काढलं. मी शेजारीच उभा होतो. बोललो नाही. हे काम गेलं तर कुठं जाऊ, एवढंच डोक्यात होतं.

भोरला चार-पाच ख्रिस्ती कुटुंबं आणि मी असे रविवारी एका घरी प्रार्थनेला जमतो. महिन्यातून एकदा पाळकसाहेब येतात, तेव्हा प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळे भाकरीचा तुकडा घेतात. भाकरीचं ताट जवळ आलं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचो. मनात पाप लपवून ती भाकर खाणारा स्वतःवर न्याय ओढवून घेतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. बाहेर चपलांपाशी उभा राहून आतलं गाणं ऐकायचो, जीव नुसता आत ओढायचा. गावापासून लांब होतोच, आता देवापासूनही झालो, असं वाटायचं. ‘प्रभू, मला आत घे,’ यापुढं प्रार्थनाच सुचायची नाही. तीन महिने असे गेले. तिसऱ्या वेळी पाळकसाहेब निघताना माझ्यापाशी थांबले. “बाळा, ज्याचं मन दुखवलंयस त्याच्याकडं आधी जा.” मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

तसाच एसटीनं भाटघरला गेलो. मावशी ओसरीवर पावटा सोलत होत्या.

“मावशी, पडदा मी उघडा टाकला होता.”

त्यांनी मानही वर केली नाही. “ठावं हाय मला. फोन आला की तुला जगाचं भान ऱ्हातं व्हय?”

“मग मालकांना सांगितलं का नाही तुम्ही?”

“तुला काढलं असतं तर कुठं गेला असतास? माजं हितं घर तरी हाय. माफ म्या तवाच केलं रं.” मग शेंग खाली ठेवली. “पर माजं नाव लई खराब झालंय. आता मालकाला तू सांग. आन् रडू नगंस, बस, सोलू लाग.”

न्यायाला भिऊन मी तीन महिने दाराबाहेर उभा होतो, आणि माफी मागायच्या आधीच मिळालेली होती.

मालक खूप बोलले. मला काढलं, मावशींना परत बोलावलं. आता मी नसरापूरला टेम्पोत माल भरतो. ज्याची भीती होती तेच झालं, तरी देवानं हात सोडला नाही. पुढच्या प्रभुभोजनाला उठलो नाही. भाकर घेतली. गावाची ओढ अजून आहे, तीही आता देवाच्याच हवाली केली आहे.

मावशींचं हे कसं फिटणार? येत्या पावसाळ्यात त्यांच्या खाचरात भात लावायला मी जाणार आहे, पण तेवढ्यानं भागायचं नाही. कधीतरी पुन्हा कुणी त्यांच्यावर नसता आळ घेईल. त्या दिवशी मी पुढं होऊन बोलेन, हा माझा शब्द.