मॉलीला आधीच ॲडमिट केलं

गेल्या रविवारी साताऱ्यात आमच्या घरी एका माशाचं बाळंतपण झालं… आणि त्यात मी फार वाईट वागलो. लिहायला लाज वाटतेय, पण आधी कौतुकाचे फोटो इथे मीच टाकले होते. तेव्हा पुढचंही मीच सांगायला हवं.

फौजेतून रिटायर झाल्यावर मी हॉलमध्ये माशांची टाकी ठेवली. त्यातली काळी मॉली पोटुशी होती. मॉली थेट पिल्लंच देते… आणि लक्ष नसलं तर टाकीतले मासे, कधी आईसुद्धा, ती गट्ट करतात.

म्हणून ब्रीडिंग बॉक्स आणला, टाकीतच अडकवायची प्लास्टिकची छोटी पेटी. दुकानदार म्हणाला होता, अगदी वेळ आल्यावरच तिला आत ठेवा. पण आम्हा फौजींना वेळेआधी हजर राहायची खोड… मी मॉलीला कितीतरी आधीच ॲडमिट करून टाकलं.

आमची स्वातीही पहिल्या बाळंतपणासाठी सांगलीच्या सासरहून आलेली. लोक सातव्या महिन्यात लेक आणतात, मी पाचव्यातच गाडी घेऊन गेलो. जिना चढायचा नाही, एकटीनं फाटकाबाहेर जायचं नाही… सगळ्या ऑर्डर माझ्याच.

रविवारी माझे जुने सोबती चहाला आले. मी टॉर्च मारून मॉली दाखवत होतो, कुणी काचेवर टिचक्या मारत होतं, कुणी फोटो काढत होतं.

"सुभेदार, पेशंट लय घाबरलाय की!" एकजण हसत म्हणाला. मॉली तळाशी बसून धापा टाकत होती, दाण्याला तोंड लावत नव्हती. मी म्हटलं, कळा सुरू झाल्या असतील…

तेवढ्यात स्वाती उठली. टाकीचं झाकण काढलं, पेटी पाण्यात कलती केली आणि मॉलीला सोडून दिलं. मॉली सरळ कोपऱ्यातल्या शेवाळात शिरली.

आणि मी सगळ्यांसमोर पोरीवर ओरडलो. "अक्कल हाय का तुला? मेली तर?" नव्या रंगरुटावर ओरडावं तसा… तेही अवघडलेल्या पोरीवर.

ती रडली नाही. "आप्पा, कोंडून घातल्यावर बी जीव जातोच की," एवढंच म्हणाली. "मला सांगलीला जायाचंय." आणि आत निघून गेली.

चहा कपातच राहिला, सोबती एकेक करून उठले.

मग बायको बोलली. "आवं, कोंडल्यावानी हुतंय म्हून पोर रोज मला सांगतीया. तुमच्यापुढं तोंड उघडायची चोरी."

मी घुश्शात टाकीकडे फिरकलोच नाही. सकाळी बायकोनंच हाक मारली… शेवाळात बारीक काळी पिल्लं हलत होती, नुसते डोळे आणि शेपटी. मॉली पलीकडे निवांत दाणे टिपत होती. इतका पहारा करून मला जे जमलं नाही, ते जरा आडोसा मिळाल्यावर तिनं आपलं आपण केलं.

स्वातीच्या खोलीत गेलो. आयुष्यभर ऑर्डर दिल्या, माफी मागायची सवय कुठे होती… शेवटी खाली मान घालून विचारलं, "कवा निघायचं, बाळा?"

डॉक्टरांना विचारून परवा तिला सांगलीला सोडून आलो. शेजारी विचारतायत, पहिलं बाळंतपण माहेरी नाही का? मी सांगतो, ते ती ठरवेल.

सांगलीहून मी निघताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, "आप्पा, वेळ आली की मी हाक मारीन. तवा या."

मी नुसतं "व्हय" म्हटलं आणि गाडीत बसलो… एवढं होऊनही पोर हाक मारीन म्हणाली. माझी तेवढी लायकी नव्हती.