द्रौपदाबाईची बोंडं

रक्त म्हणे! त्या दिवशी द्रौपदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती दोन वर्षं उलटली तरी उतरली नव्हती.

साक्रीकडच्या त्या गावात तिच्या घराभोवती फड्या निवडुंगाचं कुंपण होतं, सासूनं लावलेलं. बहात्तरच्या दुष्काळात कोवळ्या फडांचे काटे खरडून द्रौपदाबाईनं बेसन लावून भाजी केली आणि अख्खी आळी जेवली. हिवाळ्यात लालबुंद बोंडं पिकली की ती निखाऱ्यावर लोळवून त्यांची कुसळं जाळायची, रस फडक्यातून गाळायची, गूळ घालून आटवायची. डांग्या खोकल्यानं पोर काळंनिळं झालं की आया वाटी घेऊन हिच्याच दारात. कुणाला नाही म्हटलं नाही बाईनं.

सत्त्याऐंशीच्या माघात शेजारच्या पुष्पाबाईचा तीन वर्षांचा निंबा असाच खोकत होता. रसानं चार दिवसांत त्याची ढास बसली. पाचव्या दिवशी आई त्याला लस टोचायला दवाखान्यात घेऊन गेली आणि सुई बघूनच पोरानं चड्डी ओली केली. लालभडक! नवा डॉक्टर ओरडला, "रक्त जातंय! काय खायला घातलंत?" पुष्पाबाई घाबरली आणि नाव सांगून मोकळी झाली.

संध्याकाळी चार बाप्ये कोयते घेऊन हजर. "अरे भाऊसहोन, हाई रगत नही शे, बोंडना रंग शे!" द्रौपदाबाई घसा फोडून सांगत होती. स्वतः बोंड खाऊन लाल जीभही दाखवली. ऐकतो कोण? दुष्काळात जे तिच्या दारी जेवले, तेच कुंपण तोडत होते! पुढं तपासणीत निंबाला काही म्हणजे काही निघालं नाही. साधं "चुकलं" म्हणायला ना डॉक्टरची जीभ वळली, ना गावात कुणाची.

उकिरड्यावर फेकलेल्या फडांना मुळं फुटली, तेच फड तिनं आणून पुन्हा लावले. दोन वर्षांनी त्यांना पहिली बोंडं धरली आणि दवाखान्याचा शिपाई जीवराम रिकामी बाटली घेऊन दारात आला.

"अक्का, डॉक्टरसाहेबांच्या पोरीला डांग्या खोकला झालाय. रस द्या म्हणाले. पण कुणाला सांगू नका."

द्रौपदाबाईनं बाटली काठोकाठ भरली. पोरीनं काय कुणाचं वाकडं केलं होतं? बाटलीला बूच लावून तिनं ती जीवरामच्या हातात दिली.

"सकाय पोरनं मूत लाल व्हई," ती म्हणाली. "साहेबले इचार, आते कोना घरनं कुंपन तोडशी?"