खालचा दोरा

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच उमगलं नाही, तेवढं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. चौथीनंतर हातात पेनाऐवजी कात्री आली. नायलॉनच्या पट्टीला नव्या छत्रीसारखा वास असतो. तो बोटांत एकदा बसला की भाकरी थापतानाही सुटत नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या एका खोलीत, शाळेची दप्तरं शिवायच्या जोडीला, हा वास आला तो विजूभाऊंमुळे. ते दर रविवारी पन्हाळ्याच्या कड्यावरून हौशी माणसांना पैसे घेऊन दोरीनं खाली सोडतात. त्या माणसांच्या कमरेला बांधायचे पट्टे मी शिवायची.

हौसेनं दरीत उतरायचं! मला आधी हसू यायचं. आमचे हे तीस वर्षं फौंड्रीत वितळलेलं लोखंड ओततात, पायावर ठिणग्यांचे डाग आहेत. त्याला कुणी धाडस म्हणत नाही, ड्यूटी म्हणतात. पुरात पंचगंगेच्या पुलावरून उडी टाकणारं पोरगं गल्लीत आठ दिवस मिरवतं. मग न पाहिलेल्या माणसांच्या घरात एकोणिसाव्या वर्षी ट्रंक घेऊन उतरलेल्या माझ्यासारखीला कुणी मिरवलं? भीती सगळीकडे सारखीच असावी. फरक एवढाच, की एकानं ती मागून घेतलेली असते आणि दुसऱ्याच्या ताटात ती वाढलेली असते.

एका शनिवारी दुपारी शेजारच्या शेवंताकाकूंचा परकर शिवला आणि मग विजूभाऊंचे बारा नवे पट्टे पुरे केले. संध्याकाळी ते घेऊन गेले. रविवारी सकाळी मशीन पुसताना बॉबिन काढली, तर तिच्यात परकराचा साधा सुती दोरा! वरचं रीळ मी बदललं होतं, खालची बॉबिन तशीच राहिली होती. दोन्ही दोरे पांढरे. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांना अडकवून धरतात. एक कच्चा, की टाकाच कच्चा. विजूभाऊंना फोन लावला, लागेना.

हे चहा पीत म्हणाले, "वरचा दोरा नायलॉनचा हाय न्हवं? मग काय हुतंय? गप बस."

शेवंताकाकू दारातूनच म्हणाल्या, "जा, सांग जा. आणि उद्यापास्नं माझं परकरच शिवत बस."

दोघांचंही खरं होतं. पट्टे कदाचित तुटले नसते. या 'कदाचित'वर आपण रोज किती वजन टाकतो! गॅसची जुनी नळी, ब्रेक न लागणारी सायकल, छातीत दुखतंय तरी उद्या बघू म्हणून ढकललेला दवाखाना. सगळं त्याच एका खुंटीला अडकवलेलं. स्वतःचं वजन माणसानं खुशाल अडकवावं. पण दरी त्या माणसांनी निवडली होती, माझा सुती दोरा निवडला नव्हता. मी एसटी पकडली. एकटीनं गावाबाहेर जायची माझी ती पहिलीच वेळ.

कड्यावर पंधरा-वीस माणसं होती. कॉलेजातली एक पोरगी पट्टा बांधून, दरीकडे पाठ करून उभी होती. अजून दोन पावलं, की खाली. मी चारचौघांत बोलत नाही, किराणा दुकानातसुद्धा चिठ्ठी पुढे करते. त्या दिवशी ओरडले, "थांबवा! माझ्या शिलाईत खोट हाय!"

विजूभाऊ धावत आले. "वैनी? तुम्ही हितं?"

त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पोरीला मागे घेतलं आणि एकेक पट्टा झाडाला अडकवून दोघांकडून ओढून घेतला. पहिला तुटला नाही. दुसराही नाही. बाराच्या बारा धरले.

"वैनी, आमास्नी सुखानं मराय बी दीनासा व्हय!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. ती पोरगी हसली नाही.

"दोनदा भिऊन परत गेलते मी," ती मला म्हणाली. "आज पाय उचलला होता की ओ मावशी!"

विजूभाऊंनी तरीही चाकूनं सगळे पट्टे कापले. दुसरे नव्हते, म्हणून सगळ्यांचे पैसे परत करून त्यांना घरी लावून दिलं. "आज धरलं. शंभराव्या बारीला काय हुईल, कुणी बघितलंय?" एवढंच म्हणाले. पट्टीचे आणि त्या दिवसाच्या बुडालेल्या कमाईचे पैसे मी भरून देईन, असं मीच म्हटलं. ते नको म्हणाले नाहीत. मला ते बरं वाटलं.

त्यानंतर त्यांनी काम दिलं नाही, मीही मागितलं नाही. दप्तरांच्या पैशातून जमेल तसं देत गेले. मध्ये एकदा धीर करून विचारलं, ती पोरगी परत आली का?

"न्हाई ओ. फोनच उचलत न्हाई."

मी तिचा जीव वाचवला, की आयुष्यात एकदाच उचललेला तिचा पाय मागे ओढला? दोन्ही खरं असेल, नाहीतर एकही नसेल. तिचं मी काही देणं लागते का, ते मला अजून ठरवता येत नाही. विजूभाऊंचं त्यामानानं सोपं होतं. गेल्या शनिवारी शेवटचे तीनशे दिले आणि त्यांचे पैसे पुरते फिटले.