शंभर वारांबाहेरची टपरी

माझ्या थोरल्या भावाची पानटपरी स्मशानभूमीच्या समोर होती. त्याला नेलं त्या दिवशी गाडी तिच्यासमोरूनच आत वळली आणि गाडीतले सगळे जण एकदम तिकडे बघायला लागले. तो तिथे बसलेला असणार, अशी सवयच होती सगळ्यांना. मीही बघितलं. टपरी बंद होती. मालक आमच्याबरोबर होता.

टपरी स्मशानासमोर कशी गेली, हे लोक मला अजून विचारतात. त्याला सरकार जबाबदार आहे. थोडा दादाही.

दादा तरुणपणी शिरोलीला एका फौंड्रीत होता. तिथे एके दिवशी पाटी लागली की फाटकाच्या आत बिडी, सिगारेट, तंबाखू चालणार नाही, आणि फाटकावर खिसे तपासायला सुरुवात झाली. दादा सुपरवायझरला म्हणाला, “ही भट्टी दिसभर धूर ओकतीया त्येचं काय न्हाय. माझ्या बिडीनं हवा खराब हुतीया व्हय?” सुपरवायझर म्हणाला, भट्टीतून माल निघतो, तुझ्यातून काय निघतं? दादाने नोकरी सोडली. वहिनीच्या मते नोकरी सोडायला तो कारण शोधतच होता आणि बिडी आयती सापडली. काही असो, महिन्याभरात आमच्या पेठेतल्या शाळेच्या भिंतीला पाठ लावून त्याची टपरी उभी राहिली. वहिनीच्या पाटल्या तिच्यात गेल्या. त्यामुळे पुढे जेव्हा जेव्हा टपरी उठवायची वेळ आली, तेव्हा सगळ्यात आधी वहिनी स्वतःच्या मनगटाकडे बघायची.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. दादा मला मास्तर म्हणायचा. ग्रंथपाल कुणाला शिकवत नाही, हे मी त्याला सांगून बघितलं. तो म्हणाला, “मास्तर तरी कुठं शिकवतोय?” मला लहानपणापासून दम्याचा त्रास. मी टपरीवर गेलो की वाऱ्याची दिशा बघून उभा राहायचो. तंबाखूवर निर्बंध हवेत, असं माझं मत होतं आणि आहे. ते मी त्याला पुस्तकी भाषेत सांगायचो.

“दादा, तुझं स्वातंत्र्य माझ्या नाकात येतं.”

“मग नाक तिकडं कर की.”

इतका साधा युक्तिवाद मी कुठल्या ग्रंथात वाचला नव्हता, त्यामुळे त्याला उत्तरही सापडत नव्हतं. पण एक गोष्ट सांगायला हवी. शाळेच्या भिंतीला टपरी असून त्याने पोरांना कधी काही विकलं नाही. शाळेच्या कपड्यातलं कुणी आलं की तो लिमलेटची गोळी हातावर ठेवायचा आणि बापाचं नाव विचारायचा. बापाचं नाव निघालं की पोरगं पळायचं. “पोराला द्यायची न्हाय येवढं कळाय मला सरकार लागतंय व्हय?” असं तो म्हणायचा. मी म्हणायचो, तुला लागत नसेल, दुसऱ्याला लागतं. त्यावर तो म्हणायचा, “मग दुसऱ्याकडं जावा की सांगाय.”

सरकार त्याच्याकडेच आलं. शाळेपासून शंभर वारांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा नियम होता आणि तो बरीच वर्षं कागदावर शांतपणे झोपला होता. एके सकाळी तो उठला. एक साहेब, दोन मदतनीस आणि एक लांब टेप. दादाने तिघांना चहा पाजला. टेप शाळेच्या फाटकापासून धरायची ठरली, तेव्हा टपरीकडचं टोक दादाने स्वतः धरलं.

“पावणं, जरा ताणून धरा,” तो पलीकडच्या मदतनिसाला म्हणाला, “सैल सोडलासा तर मी लांब दिसतोय. उगं तुमची नोकरी जायाची.”

आमच्या पेठेत कुणी काही मोजायला लागलं की माणसं आपोआप जमतात. एक म्हातारा म्हणाला, रस्त्यानं मापा, हवेतनं काय मापताय, पोरं काय उडत येत्यात? दुसरा म्हणाला, गल्लीतलं वळण धरा, वळणाला वेगळा आकडा पडतोय. शाळेचे मुख्याध्यापक फाटकात उभे होते. मधल्या सुट्टीत टपरीच्या आडोशाला उभं राहून सिगारेट ओढायचा त्यांचा नेम होता. ते टेपकडे अशा नजरेने बघत होते, जणू ती त्यांच्याच गळ्याभोवती गुंडाळली जाणार आहे. टपरी शंभर वारांच्या बरीच आत निघाली. साहेबांनी हलवायला मुदत दिली.

टपरी हलली नाही. शाळा हलली. पुढच्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी समोरच्या फाटकाला कायमचं कुलूप लावलं आणि मागच्या गल्लीत, पार पलीकडे, नवं फाटक पाडून घेतलं. पालकांनी विचारलं, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले की तंबाखूचं दुकान फाटकापासून लांब असावं, असा शासनाचा आग्रह आहे. पोरांना सगळा वळसा घालून जावं लागायचं. पालक शिव्या देत होते, पण कुणाला द्यायच्या हे त्यांना नीट ठरवता येत नव्हतं. दादा मात्र गिऱ्हाइकांना सांगायचा, “मी हाय तिथंच हाय. शाळंनंच माझ्यापासनं अंतर राखलंय.”

हे काही महिने चाललं. मग नवे साहेब आले. त्यांच्याकडे नियमांची पुस्तिका होती. त्या वेळी मी नेमका टपरीवर होतो, बगलेत पुस्तकं होती. साहेब म्हणाले, “तुम्ही शिकलेले दिसता. हे वाचून दाखवा यांना, म्हणजे आमच्यावर आळ नको.” मी चष्मा पुसला आणि स्पष्ट उच्चारांत वाचलं. अंतर फाटकापासून मोजायचं नव्हतंच. ते शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या हद्दीपासून मोजायचं होतं. कुंपणाची भिंत दादाच्या पाठीला लागलेली होती. टेप काढायचीसुद्धा गरज नव्हती.

दादाने पुस्तिका माझ्या हातातून घेऊन मिटली. मग म्हणाला, “तुला मनातल्या मनात वाचाय शिकवलंच न्हाय व्हय रं कुणी?”

त्यानंतर त्याने नवी जागा शोधायला सुरुवात केली, आणि शिक्षा म्हणून मला स्कूटरवर मागे बसवलं. माझ्या हातात टेप. जिथे जावं तिथे काहीतरी शिकवलं जात होतं. मोकळी जागा दिसली की वरच्या मजल्यावर बालवाडी. तिच्यापासून लांब गेलं की टायपिंगचा क्लास. तिथून लांब गेलं की स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका. “ह्या गावात येवढी शिकत्यात,” दादा एका चौकात स्कूटर थांबवून म्हणाला, “मग ही शाणी माणसं जात्यात कुठं?” क्लासला शाळा धरतात का, हे मला पुस्तिकेवरून नक्की सांगता आलं नाही. दादाला आता धोका नको होता.

शेवटी आम्ही नदीकडच्या रस्त्याला स्मशानासमोर थांबलो. दादाने चारी बाजूंना बघितलं. एका बाजूला शेणींचा, म्हणजे गोवऱ्यांचा ढीग, एका बाजूला ऊस, समोर फाटक. तो म्हणाला, “हितं कोण काय शिकत न्हाय.”

वहिनीला ही जागा कळली तेव्हा ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, “बरं झालं. म्हंजे शेवटी उचलून न्यायचाबी तरास न्हाय.”

धंदा मात्र तिथे कधी नव्हे इतका झाला. आमच्याकडे दहन शेणींवर होतं. आत शेणींचा धूर, तो डोळ्यांत घेऊन माणसं बाहेर यायची आणि हात आपोआप खिशात जायचा. दादा म्हणायचा, माणूस आत पेटवून आला की त्याला बाहेर काहीतरी पेटवावं लागतं, नाहीतर हाताला करमत नाही. एकदा एक तरुण बाहेर आला. त्याचे वडील घशाच्या कर्करोगाने गेले होते, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने सिगारेट मागितली. मी तिथे होतो. मला वाटलं, आता दादा देणार नाही. त्याने दिली, काडीपण पेटवून दिली, आणि तो जाईपर्यंत दुसऱ्या कुणाशी बोलला नाही. नंतर मी विचारलं, हे बरं आहे का? तो म्हणाला, “त्येला आज शाणपण नगं हुतं, मास्तर.” माझं मत मी बदललं नाही. पण त्या दिवशी मी ते मांडलंही नाही.

मग सुटी सिगारेट विकायला बंदी आली. घ्यायचं तर अख्खं पाकीट घ्यायचं. दादाने ही बंदी ऐकली आणि पाळली नाही. त्याचं म्हणणं, एक ओढणाऱ्याला अख्खं पाकीट द्यायचं, ही कुठली व्यसनमुक्ती? इथे मला त्याच्याशी वाद घालता आला नाही, हे मान्य करतो. पाकिटावरच्या भयंकर चित्राकडेही तो कधीकधी बराच वेळ बघत बसायचा. त्याला रोगाचं काही वाटायचं नाही. तो म्हणायचा, “ह्येच्या घरच्यास्नी इचारून छापला आसंल काय रं ह्येला?”

मग त्याला तेच झालं, जे छापलेलं होतं. आधी खोकला, मग जिना चढताना दम, मग हॉस्पिटल. दोघे भाऊ धापा टाकायला लागलो, पण माझा दमा फुकटचा होता आणि त्याचा कमावलेला, असं तोच म्हणायचा. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी विचारलं, “आजोबा, सिगारेट सोडली का?”

“सोडली की.”

“कधी?”

“तुम्ही आत आलासा तवा.”

डॉक्टर हसले. वहिनी हसली नाही. तिने उशीखाली हात घालून काडेपेटी काढली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. त्या मुक्कामात त्याने सगळे नियम पाळले, कारण पळायला पाय उरले नव्हते. टपरीचं काय करायचं, हे तो रोज विचारायचा आणि आम्ही रोज म्हणायचो, तू आलास की बघू. तो घरी आला. टपरीवर जाणं काही त्याला जमलं नाही. एका सकाळी चहा पिऊन पुन्हा आडवा झाला, तो उठलाच नाही.

रक्षाविसर्जनाला पेठ लोटली होती. आमच्याकडे त्या वेळी चार शब्द बोलायची पद्धत आहे. पेठेतले पुढारी बोलले. त्यांनी दादाला समाजसेवक म्हटलं. शाळेच्या विकासात त्याचा वाटा असल्याचं सांगितलं. मी मागे उभा राहून शाळेच्या नव्या फाटकाचा विचार करत होतो. निवृत्त मुख्याध्यापकही आले होते. ते मान खाली घालून उभे होते.

सगळं आवरून माणसं बाहेर आली आणि सवयीने रस्ता ओलांडून टपरीपुढे जाऊन उभी राहिली. दार बंद. कुणी खिसे चाचपले, कुणी इकडेतिकडे बघितलं. जवळपास दुसरं दुकान नव्हतं. शंभर वारांच्या नियमाने दादाला तेवढी मक्तेदारी दिली होती. पुढाऱ्यांच्या बरोबरचा एक जण माझ्याजवळ आला, हात जोडले आणि हळूच म्हणाला, “सर, वाईट झालं. जागेचं काय ठरलंय? आमच्या मेव्हण्याला हवी हुती. वैनीस्नी काय बसाय जमायचं न्हाय हितं.”

ते वहिनीने ऐकलं. ती बायकांच्या घोळक्यातून निघाली, रस्ता ओलांडला, कमरेची किल्ली काढली आणि टपरीचं दार वर लोटलं. आत चढायला तिला जरा त्रास झाला. हात द्यायला मी पुढे गेलो, पण तोवर ती दादाच्या जागेवर बसली होती. मग मुख्याध्यापकच पुढे झाले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “वहिनी, एक मिळेल का?”

“पाकीट घ्यावं लागंल,” वहिनी म्हणाली.

“एकच हवी होती. ते द्यायचे.”

“त्ये द्यायचं. सुटी इकाय बंदी हाय.”

मुख्याध्यापकांनी आमच्या सगळ्यांकडे बघितलं. आयुष्यभर मुलांना नियम शिकवलेला माणूस. त्यांनी पाकीट घेतलं. त्यांच्या मागच्याने घेतलं. नवऱ्याच्या रक्षेवरून परतलेल्या बाईशी एका सिगारेटवरून हुज्जत घालायची कुणाची छाती होत नव्हती. मेव्हण्यासाठी जागा शोधणाऱ्यानेही घेतलं, आणि त्याला वहिनी म्हणाली, “सुटं पैसं काढा पावणं, आज माझ्याकडं मोड न्हाय.” त्या दुपारी दादाच्या सबंध महिन्यात खपायची नाहीत इतकी पाकिटं गेली.

आता दुपारपर्यंत टपरीवर मी असतो, कारण वहिनीला घरचं बघावं लागतं. निवृत्तीनंतर वाचायला निवांत जागा हवी होती. ही फार निवांत नाही. मधूनमधून उठावं लागतं, त्यामुळे हे लिहायलाही बराच वेळ लागला. तोंडाला रुमाल बांधून बसतो. मध्यंतरी एक नेहमीचं गिऱ्हाईक खोकत खोकत आलं. मला राहवलं नाही. मी त्याला शांतपणे समजावलं की आता तुम्ही ही सोडायला हवी. गिऱ्हाईक पाकीट न घेताच गेलं आणि दुसऱ्या दिवशी वहिनीकडे तक्रार घेऊन आलं.

संध्याकाळी घरी वहिनीने मला विचारलं, “भावजी, त्येला काय बोललासा?”

मी सांगितलं.

“त्ये पाकिटावर छापलंय,” ती म्हणाली. “तुमास्नी तितं त्येच्यासाठी बशीवलं न्हाय.”

मग तिने माझ्यापुढे ताट सरकवलं.