गयाबाईंचा पेपर आणि खोक्यातलं मशीन

मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाला माणूस. मशीन अडलं तर त्याला कारण असतं, आणि दहातल्या नऊ वेळा ते वायरीत सापडतं... यापलीकडे मी कशावर विश्वास ठेवला नाही. नागनाथाच्या देवळात जातो, पण तेही घरचे ओढून नेतात म्हणून. तरी हा अनुभव मी इतकी वर्षं दाबून ठेवला, तो लोक हसतील या भीतीने नाही. तो सांगायचा तर मधली एक गोष्टही सांगावी लागते – माझ्या चुकीपायी एका बाईची नोकरी गेली आणि मी गप्प बसलो. आता पन्नाशी उलटली. लिहूनच टाकतो.

साल दोन हजार तीन-चारच्या सुमाराचं. हिंगोलीत बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर एक खाजगी दवाखाना होता. नाव देत नाही. तिथे मी चार मशीन आणि एक सर्व्हर जोडून दिला होता. एक मशीन काउंटरवर, एक डॉक्टरांच्या केबिनमध्ये, एक लॅबमध्ये आणि एक कंपाउंडर मामांच्या खोलीत. सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत. प्रत्येक मशीनला मी त्या-त्या जागेचं नाव दिलं होतं, मामांच्या मशीनचं नाव नुसतं 'मामा'. काउंटरवर शोभाताई बसायच्या. तिशीतल्या, एकट्या कमावत्या, दोन पोरींना सांभाळणाऱ्या. नोकरी म्हणजे त्यांचं सगळं होतं. हे मला माहीत होतं, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

मामा तीस वर्षांचे जुने. कॉम्प्युटर यायच्या आधी केसपेपर त्यांच्या ताब्यात असायचे, गावागावाचे बस्ते कापडात बांधलेले; आता ते माळ्यावर पडून होते. पेशंटचं तोंड पाहून ते पेपर काढायचे. कॉम्प्युटरवरही बसायला शिकले, एका बोटाने.

सॉफ्टवेअर जरा जड चालायला लागलं तेव्हा मी पाहिलं, एकेका पेशंटच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी. कार्ड हरवलं की नवीन पेपर, असं चाललेलं. मी ठरवलं, सारखं नाव, सारखं गाव, वयात वर्षा-दोन वर्षांचा फरक असेल तर नोंदी एकत्र करायच्या. मामांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच.

"किशोरभाऊ, असं करू नका. आपल्याकडं आज्याचं नाव नातवाला ठिवतेत. एका आज्याचे चार नातू, त्यातले दोघं मारोती. पुसेगावला तसे दोन मारोती हायत, चुलत भाऊ. दोघांच्याबी बायकांचं नाव गयाबाई. आडनाव एक, गाव एक. मशीनला काय कळून राहिलंय?"

"मामा, अशी किती उदाहरणं असणार?"

"एक असलं तरी माणूसच हाय ना ते?"

मी हसून सोडून दिलं. एका रविवारी शोभाताईंनी चावी आणून दवाखाना उघडून दिला आणि मी दुपारपर्यंत नोंदी एकत्र केल्या. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक खोट होती. 'विशेष सूचना' या चौकटीत दोन्हीकडे काही लिहिलेलं असलं, तर नवीन तेवढं राहायचं, जुनं उडायचं. ते माझ्या लक्षात आलं होतं. पुढे बघू, म्हटलं.

पंधरा दिवस सॉफ्टवेअर पळालं. डॉक्टर खूश. मग मामा गेले. घरीच, जेवता जेवता. त्यांच्या जागी कुणी आलं नाही, म्हणून मी त्यांचं मशीन काढलं, वायर गुंडाळली, सगळं मूळ खोक्यात भरून जिन्याखाली सर्व्हरशेजारीच ठेवून दिलं.

मामांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं रखडायला लागलं.

रखडायला म्हणजे किती? पडद्यावर एका पेशंटचा पेपर उघडायला सहा-सात मिनिटं. सकाळी दहाला जीपा यायच्या, बाक भरायचे, लोक बाहेर पायरीवर बसायचे, आणि चारही बाजूंनी मलाच हाका. खोटं कशाला सांगू, ते तीन आठवडे मी रोज रडकुंडीला आलो होतो. सगळ्या वायरींची टोकं कापून नवी बसवली. सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात तो हब बदलला. नांदेडहून एसटी पार्सलने रॅम मागवली. व्हायरस बघितला. इंडेक्स नव्याने बांधला. औरंगाबादच्या ज्या माणसाने सॉफ्टवेअर लिहिलं होतं त्याला एसटीडीवरून फोन लावला, तर तो म्हणाला, "रीस्टार्ट करून बघा." दिवसातून चारदा रीस्टार्ट करत होतो! संध्याकाळी सगळं ठीक वाटायचं, घरी जायचो, सकाळी काउंटर उघडलं की पुन्हा तेच.

बाकावरचे लोक मला ओळखायला लागले होते. "मशीनलाच एक सलाईन लावून पाहा ना भाऊ." "मामा व्हते तवा नाव सांगायच्या आधी पेपर हातात यायचा." डॉक्टर केबिनमधून ओरडायचे, "किशोर, हे विचार करून राहिलं का झोपून राहिलं? उद्यापर्यंत जमत नसेल तर उचलून घेऊन जा."

आणि हळूहळू त्यांचा राग काउंटरकडे वळला. शोभाताई चुकीचं काहीतरी दाबतात, म्हणून मशीन अडतं, असं त्यांनी मनात घेतलं. मलाही ते सोयीचंच होतं.

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी साडेअकराच्या सुमाराला मी वैतागून सर्व्हरपुढे बसलो आणि पहिल्यांदा एक साधी गोष्ट केली. कोणत्या मशीनने कोणता पेपर उघडून धरला आहे, त्याची यादी काढली. हे सॉफ्टवेअर असं होतं की एखादा पेपर कुणी लिहायला उघडून सोडलाच नाही, तर बाकीच्यांच्या नोंदी मागे तुंबून राहतात. यादीत तीन नावं असायला हवी होती.

चार होती. काउंटर, केबिन, लॅब... मामा.

'मामा'कडे एकच पेपर उघडा होता. गयाबाई, पुसेगाव.

मी पहिल्यांदा चिडलो. जुनं काहीतरी अडकून राहिलं असणार. ते नाव काढून टाकलं. दहा सेकंदांत परत आलं. सर्व्हर बंद करून चालू केला. काउंटर सुरू व्हायच्या आधी 'मामा' हजर. तोच पेपर. मी खोकं ओढून उघडलं. मशीन आत. वायर मी गुंडाळली होती तशीच, रबर लावलेली. नव्या हबवर त्या मशीनसाठी सोडलेली जागा रिकामी होती, आणि तिथला हिरवा दिवा लुकलुकत होता. मी त्या रिकाम्या भोकात बोट घालून पाहिलं... का, ते मलाही माहीत नाही.

तेवढ्यात बाहेरून डॉक्टर. "अरे, ह्या बाईचा पेपर उघडत नाही! किती वेळ बसवायचं तिला?"

बाहेर आलो. बाकावर एक बाई, पायाला चिघळलेली जखम, तापाने ग्लानीत. सोबत नवरा. शोभाताईंच्या पडद्यावर नाव तसंच थांबलेलं – गयाबाई मारोती, पुसेगाव.

दोन गयाबाईंच्या नोंदी मीच एक केल्यात, हे मला त्या क्षणी बोलता आलं असतं. नाही बोललो.

डॉक्टरांनी वैतागून सिस्टरला सांगितलं, "पेपर राहू दे. पेनिसिलिन भर." नवऱ्याला विचारलं, "हिला कोणत्या सुईची तकलीफ होते का?"

"न्हाई जी, मला तर ठाऊक न्हाई. मागच्या बारीला हिच्यासंगं माय आल्ती."

शोभाताई उठल्या. "साहेब, जरा थांबा. पुसेगावच्या दोन गयाबाई हायत, मामा सांगायचे. मी जुना बस्ता काढते." डॉक्टर काहीतरी ओरडले, पण त्या माळ्यावर चढल्यासुद्धा. धुळीने माखलेला पेपर घेऊन आल्या. वरच्या कोपऱ्यात मामांच्या अक्षरात, लाल शाईने: 'पेनिसिलिन देऊ नये. मागे झटका आला, मरता मरता वाचली.'

सिस्टरने भरलेली सुई खाली ठेवली.

मग डॉक्टरांचा आवाज चढला. "हे कॉम्प्युटरात का नाही? कुणी उडवलं?"

मी म्हणालो, "एन्ट्री करताना राहिलं असेल, साहेब."

एन्ट्री करायच्या शोभाताई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रविवारी चावी त्यांनीच आणली होती, त्यांना सगळं माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. शोभाताईंनी टेबलावरचा डबा सावकाश पिशवीत घातला आणि त्या गेल्या.

मी जिन्याखाली गेलो. दोन गयाबाईंच्या नोंदी वेगळ्या करायच्या होत्या. पेपर अडकलेलाच असणार असं धरून मी दाबलं, आणि तो लगेच उघडला. लाल शाईची ओळ जशीच्या तशी टाइप केली, सेव्ह केलं. यादी काढली. तीन नावं. हबवरचा दिवा विझलेला. त्यानंतर त्या दवाखान्यात सॉफ्टवेअर एकदाही रखडलं नाही. मी एकत्र केलेल्या नोंदी पुढचा महिनाभर जुन्या बस्त्यांशी ताडून एकेक करून सोडवल्या, कुणाला न सांगता.

मोठ्या शहरातल्या जाणकारांना मी हे विचारलं, माझा भाग गाळून. कुणी म्हणालं जुनं सेशन, कुणी म्हणालं दुसऱ्या मशीनने ते नाव घेतलं असेल, कुणी हब खराब होता म्हणालं. सगळं करून पाहिलं होतं मी. आणि हजारो पेपरांतून तोच एक का, आणि ती बाई दारात असतानाच का, हे विचारलं की ते विषय बदलायचे.

गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या घरी गेलो. ते आता प्रॅक्टिस करत नाहीत. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग एवढंच म्हणाले, "शोभाला सांगितलंस?"

तिथूनच नंबर शोधून फोन लावला. त्या सेनगावला लेकीकडे असतात. मी सगळं बोललो, मधे न थांबता. पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"मला ठाऊक व्हतं भाऊ," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुमी तोंड उघडलं व्हतं. मला वाटलं, आता सांगतेत. मी डबा पिशवीत भरायला मुद्दाम उशीर केला."