अंगणातली गुळगुळीत फरशी

सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही, त्यांना शिवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. शहापुरात विणकरांच्या घरात मी नांदायला आले, त्याआधीच मामंजींची नजर गेली होती. म्हणजे त्यांनी माझं तोंड कधी पाहिलं नाही, आणि रीतीपायी माझा आवाजही ऐकला नाही. त्यांच्या लेखी सून म्हणजे ताट सरकवणारी बांगड्यांची किणकिण.

डोळे गेले तरी एक काम त्यांच्या हातात उरलं होतं. सकाळी ऊन चढायच्या आत अंगणात ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, पसरायचा आणि त्याला खळ लावायची, म्हणजे ते मागाची ओढ सोसतं. याला पाजण म्हणतात. खळीचा कुंचा फिरला की मामंजी ताण्याच्या कडेनं चालत, बोटांनी तुटका धागा शोधत आणि तिथल्या तिथं सांधत. अनवाणी पायांना शेणानं सारवलेलं अंगण पाठ होतं. त्या घटकेला ते घरचे कर्ते असत, बाकी दिवस भिंतीला टेकून.

पण पावसाळ्यात अंगणाचा चिखल व्हायचा, ताण्यावर शिंतोडे उडायचे. दगड घालणं भागच होतं. मी घरच्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हटलं, "खाणीतला काळा दगड आणा, टाकीचे घाव घातलेला. उघड्यावर खरखरीतच बरा."

"तुला काय कळतंय? टिळकवाडीत वकिलाच्या बंगल्यात बघून आलोय मी. शहाबादी फरशी! तोंड दिसतंय तीत."

"तोंड बघायला आरसा हाय की घरात."

माझं कोण ऐकतंय! फरशी आली, चुन्यात बसली, गल्ली बघायला लोटली. हे मिशीला पीळ देत बापाला म्हणाले, "आप्पा, लई बेस दगड हाय. बिनघोर चाला." आणि मामंजी लेकाच्या शब्दावर चालले.

बंगल्याच्या फरशीवर खळ सांडत नाही, हे यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्याकडं रोज सांडायची. मी कढत पाणी ओतायची, राख टाकून काथ्यानं घासायची, सांध्यातलं शेवाळ खरवडायची, वाळू भुरभुरवायची. कमरेचा काटा ढिला झाला. तरी श्रावणात हवा दमट झाली की दगडाला बुळबुळीत साय धरायचीच.

अशाच एका सकाळी मामंजी घसरले. हाड मोडलं नाही, मनगट तेवढं सुजलं. मी दारात उभी होते. धावून हात धरावा तर रीत आडवी आली. मी पदर तोंडात कोंबून उभी राहिले आणि माणूस फरशीवर चाचपडत राहिला. आग लागो त्या रीतीला!

मनगटाची सूज उतरली, पण मामंजी उंबऱ्याबाहेर येईनात. जेवण अर्ध्यावर आलं. लेक हात धरायला गेला तर म्हणाले, "हात धरून न्यायला मी काय मढं हाय? ऱ्हाऊ दे. माझं काम सपलं." शेजारच्या मागाच्या खटखटीतही ते मला लख्ख ऐकू आलं. आमच्या डोळ्यांदेखत माणूस बसल्या जागी विझत चालला होता.

मग एका दुपारी गल्लीत जात्याला टाकी लावणारी, झिजलेला दगड छिन्नीनं खरखरीत करून देणारी बाई आली. हे लुगडी घेऊन बाजारात गेले होते. मी तिला हाक मारली आणि उंबऱ्यापासून ताण्यापर्यंतचा फरशीचा पट्टा दाखवला. "ह्याला टाकी लाव. जात्याला लावतीस तशीच."

ती आधी हसली, मग छिन्नी घेऊन बसली. एक फरशी तडकली, बाकीच्या निभावल्या.

घरी येऊन ह्यांनी कपाळावर हात मारला. "नवीकोरी फरशी! देवी आल्यागत वण पाडलेस की गं तिच्या तोंडावर!"

"गुळगुळीत जात्यात पीठ पडत न्हाय," मी म्हटलं, "आन् गुळगुळीत दगडावर माणूस ठरत न्हाय. वकिलाला दाखवायची हाय का बापाला चालवायचंय, ते ठरवा."

सकाळी ताणा पसरला. हे आत जाऊन म्हणाले, "आप्पा, फरशी खरखरीत केलीया. चला."

"तुझ्या शब्दावर एकदा पडलोय," मामंजी म्हणाले आणि भिंतीकडं वळले.

हे मान खाली घालून बाहेर आले. मी ताण्यापाशी उभी होते. मी पदर डोक्यावर सारखा केला आणि बोलले, "मामंजी, या. दगडाला टाकी लावून घेतलीया मी. पाय सरकायचा न्हाय."

शेजारच्या मागाची खटखट थांबली. मामंजींनी मान वर केली. "कोण?"

"मी. सून."

ते उठले, उंबऱ्याबाहेर एक पाय ठेवला, अंगठ्यानं दगड चाचपला. दुसरा पाय आला. मी नुसती त्यांच्या पायांकडं बघत राहिले. ते जागीच थांबले.

"गप का झालीस? बोल की पोरी. आवाजाच्या धोरणानं येतोय मी."

काय बोलावं? समोर दिसत होतं तेच सांगितलं. "ताणा हिरवा हाय, मामंजी. कवळ्या भातागत. काठ तांबडा घालणार हायत."

ते चालत आले. सुतावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हिरवा व्हय," ते म्हणाले. "डोळं गेल्यापास्नं मला कुणी रंगच सांगितला न्हाय गं."