रडायची सोय

फेलिसितास मागबानुआ हिला मनिलाजवळच्या पासिगमधल्या त्या कॉल सेंटरात पूर्ण नावाने कुणी हाक मारत नसे. वयाने आणि नोकरीने सगळ्यांत थोरली, म्हणून ती सगळ्यांची आते, म्हणजे मोठी बहीण. आते फेली. तिच्या हाताखालची पोरं दिवसभर ऑस्ट्रेलियातल्या विमेदारांचे फोन घेत. कुणाचं छप्पर उडालेलं असे, कुणाची बोट बुडालेली, आणि या सगळ्याला मनिलात बसलेला माणूसच जबाबदार आहे अशी फोनवरच्या माणसाची ठाम समजूत असे.

जुनं ऑफिस हार्डवेअरच्या दुकानावर, नाल्याच्या काठाला होतं. रंग देताना खिडक्या चिकटल्या त्या चिकटल्याच. पण तिथे मोडक्या खुर्च्यांची एक अडगळीची खोली होती आणि तिला आतून कडी होती. पोटभर शिव्या खाल्ल्या की माणूस तिथे जाई, तीन पायांच्या खुर्चीवर तोल सांभाळत रडे, तोंड धुई आणि परत फोनवर बसे. दाराबाहेर चपला दिसल्या की दुसरा थांबे. हा नियम कंपनीने केलेला नव्हता, त्यामुळे तो सगळे पाळत.

एके दिवशी आर्नुल्फो नावाचा अबोल मुलगा चालू फोनवर "एक मिनिट हं, सर" म्हणाला, टेबलाखाली जाऊन आडवा झाला आणि ऑफिस सुटेपर्यंत बाहेर आला नाही. बातमी मेलबर्नच्या साहेबांपर्यंत गेली. साहेबांनी खूप विचार केला. माणसं वाढवावीत, फोन कमी करावेत, पोरांना बसून जेवू द्यावं, असलं काही त्यांना सुचलं नाही. त्यांना नवी इमारत सुचली. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

इमारत बांधायला आर्किटेक्ट विलालुस आले. लोकांची मनं बरी करणाऱ्या इमारती बांधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांनी सगळ्यांना रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि मन कशाने शांत होईल ते लिहायला लावलं. फेलीच्या पोरांनी लिहिलं: आणखी दोन माणसं, जेवायला वेळ आणि आतून कडी लागणारं दार. विलालुसांनी ती चिठ्ठी छातीशी धरली, डोळे मिटले.

"दार," ते हळूच म्हणाले. "म्हणजे तुम्हाला मोकळेपणा हवाय."

फेली म्हणाली, "नाही हो आर्किटेक्ट, दारच हवंय." पण तोवर त्यांनी लिहूनही घेतलं होतं.

जवळच ओर्तिगासला इमारत उभी राहिली. पाद्रींनी पवित्र जल शिंपडलं, अख्खं डुक्कर भाजून कापलं गेलं, आणि लोक आत जाऊन बघतात तो सगळी काचच काच. भिंतींवर झाडं लावलेली. झाडांना पाणी घालायला दोन माणसं नेमली होती; फोनवर मात्र होती तेवढीच. खालच्या दिवाणखान्यात दोन मजली धबधबा. त्याच्या आवाजाने मेंदूला विश्रांती मिळते, असं विलालुस म्हणत. मेंदूचं कुणाला काही जाणवलं नाही, मूत्राशयाला मात्र ताबडतोब जाणवलं. आणि लघवीला लागणारा वेळ कंपनी मोजत असे. छतातले दिवे सूर्याप्रमाणे रंग बदलत. दुपार कलली की मजल्यावर संध्याकाळ पसरे आणि सगळे जांभया देऊ लागत. शिवाय छतातून पाखरांची किलबिल. आपलं घर कसं जळलं ते सांगता सांगता एक गिऱ्हाईक मधेच थांबलं आणि त्याने विचारलं, "तुम्ही सहलीला आलाय का?"

आणि मजल्याच्या मधोमध शांतिकक्ष. चारी बाजूंनी काच, मऊ गाद्या आणि समोर मॅनेजर ग्लेंडा मॅमचं टेबल. आत जाताना कार्ड लावलं की मॅमच्या फोनवर घंटा वाजे. मग मॅम काचेशी येत, अंगठा उंचावत आणि भुवयांनी विचारत, ठीक आहे ना? पहिल्या आठवड्यात दोघं आत जाऊन आली. दोघांच्याही कामाच्या अहवालात 'ताण सोसत नाही' असा शेरा पडला. मग तिसरं कुणी गेलं नाही. पोरं त्या खोलीला माशांची काचपेटी म्हणू लागली.

पावसाळा सरता सरता एका दुपारी रिझालिन नावाची नवी मुलगी फेलीच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. फोनवर एक म्हातारा तिला तिच्या आईवरून बोलला होता, आणि तिच्या आईला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. चेहरा कोरडा ठेवायला तिला फार कष्ट पडत होते.

"आते," तिने विचारलं, "इथे रडायचं कुठे?"

फेलीने सगळीकडे पाहिलं. जिन्याचं दार उघडलं की भोंगा वाजायचा. संडासांच्या दारांना हवा खेळावी म्हणून खालून हातभर फट ठेवलेली. इतक्या पैशांच्या इमारतीत एका पोरीला तोंड लपवायला जागा नव्हती. फेलीने पर्समधून किल्ली काढली.

"तळघरात माझी व्हॅन आहे. पडदे ओढून घे. दार आतून लागतं, जरा जोर लाव."

ती व्हॅन तिच्या नवऱ्याची, नेस्तोरची. जहाजावर नोकरी लागण्याआधी तो जवळच्या अंतिपोलो गावात शाळेची पोरं ने-आण करायचा, म्हणून खिडक्यांना बदकांचे पडदे होते. आता फेली पहाटे त्याच गाडीतून शेजारच्या चौघांना घेऊन कामावर येई आणि दिवसभर ती तळघरात उभी असे. रिझालिन परत आली ती नाक लाल करून, पण माणसात येऊन. तिने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसऱ्याला. महिन्याभरात किल्ली फेलीच्या पर्समध्ये राहीनाशी झाली. ती तळघरातल्या रखवालदाराच्या, कुया म्हणजे दादा बेर्तिंगच्या टोपीत राहू लागली. रांग तोच लावी, आणि पुढे पुढे तर नुसता चेहरा बघून निदान करू लागला.

"गिऱ्हाइकाचं असेल तर लवकर आटप," तो सांगे. "घरचं असेल तर बस निवांत."

फेलीलाही थोडी मिजास चढली. तिने गाडीत रुमालांचा खोका ठेवला, बॅटरीचा पंखा लावला, आरशाला संत रीताची तसबीर टांगली. कुणीतरी आत बसून सुकट-भात खाल्ल्याचा वास आला तेव्हा तिने अख्ख्या टीमला फैलावर घेतलं. रडायला माझी ना नाही, पण ही गाडी आहे, खानावळ नव्हे.

मग एक दिवस नेस्तोरचा फोन आला. जहाजाच्या कंपनीने करार वाढवला होता. तो नाताळला येणार नव्हता, आणि पुढच्या उन्हाळ्याचंही नक्की नव्हतं. फेलीने "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि तळघरात उतरली. बेर्तिंगने अवघडून टोपी हातात घेतली.

"आत कुणीतरी आहे, आते. पुढे दोन नंबर आहेत."

आपल्याच गाडीसाठी फेली रांगेत उभी राहिली. पुढच्या दोघांनी तिचा चेहरा बघून जागा दिली. तेवढ्यात दार सरकलं आणि आतून ग्लेंडा मॅम उतरल्या. डोळ्यांचं काजळ गालांवर आलेलं.

"कामाच्या वेळात तळघरात काय करताय?" मॅम म्हणाल्या.

"नंबर लावलाय, मॅम," फेली म्हणाली. मॅम नाक पुसत लिफ्टकडे गेल्या.

आत सगळी जागा मोकळी असूनही फेली सवयीने चालकाच्या जागेवर बसली. बाहेर रांग उभी आहे या विचाराने आधी रडूच येईना. मग तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं, तर भोंगा वाजला, आणि डोकं उचलवेना म्हणून वाजतच राहिला. सगळं तळघर दणाणून गेलं. बेर्तिंगने रांगेकडे वळून सांगितलं, कुणी हसायचं नाही. कुणी हसलं नाही.

पुढे त्या इमारतीचं नाव एका मोठ्या बक्षिसासाठी गेलं आणि परीक्षक पाहणीला आले. शांतिकक्ष रिकामा दिसू नये म्हणून ग्लेंडा मॅमनी पोरांच्या पाळ्या लावल्या. पोरं आळीपाळीने आत जाऊन डोळे मिटून बसली. एक तर खरोखरच घोरू लागला, आणि परीक्षकांवर त्याची फार छाप पडली. विलालुस मात्र घामाघूम होते. किती रात्री झोपले नव्हते कोण जाणे. पाहणी संपल्यावर ते आपली मोटार शोधत तळघरात उतरले. बेर्तिंगने एकवार त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता किल्ली पुढे केली.

ऑफिस सुटल्यावर फेलीने ठोठावून दार उघडायला लावलं, तर मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन आर्किटेक्ट बसलेले.

"हे काय आहे?" त्यांनी खोक्यातला आणखी एक रुमाल ओढत विचारलं.

"गाडी आहे, आर्किटेक्ट."

"इथे किती बरं वाटतं हो. कशामुळे?"

"दार लागतं," फेली म्हणाली. "आता उतरा. माझी माणसं घरी जायची खोळंबलीत."

विलालुसांनी तिचे हात हातात घेतले. आपल्याला सगळं समजलं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. फेलीला पहिल्यांदाच त्यांची दया आली, आणि तिथेच ती फसली.

बक्षीस मिळालं. नव्या वर्षात चौथ्या मजल्यावर एक चकचकीत कोरी व्हॅन बसवण्यात आली. चाकं नव्हती. पडदे होते, पण सुरक्षेसाठी आरपार दिसणाऱ्या जाळीचे. दार होतं, पण आपोआप उघडणारं. आत कॅमेरा होता आणि वर पाखरं होतीच. विलालुसांनी भाषणात 'एका सामान्य भगिनीचे' आभार मानले. नाव त्यांना आठवलं नाही. फीत कापायला फेलीला बोलावलं होतं, तेव्हा तिने वाकून आत पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कडी कुठाय?" लोक कौतुकाने हसले. आता अधिकृत सोय झाल्यामुळे कर्मचाऱ्यांच्या गाड्यांना तळघरात बंदी झाली.

फेलीने व्हॅन रस्त्यापलीकडे, चर्चमागच्या मोकळ्या जागेत लावायला सुरुवात केली. शेजारी एक बाई साखरेत केळी तळते. जेवणाच्या सुट्टीत आता रांग तिथे लागते, उन्हात, छत्र्या घेऊन. ज्याचा नंबर दूर असतो तो केळी खातो. काळा चष्मा लावून ग्लेंडा मॅमही येतात. एकदा घाईत असल्याचं सांगून त्या पुढे सरकू लागल्या, तर फेलीने त्यांना शेवटाला पाठवलं, आणि त्या गेल्या.

कंपनीचा वार्षिक अहवाल आला. नव्या इमारतीत कर्मचारी रडल्याचा एकही प्रसंग वर्षभरात दिसून आला नाही, असं त्यात अभिमानाने म्हटलं आहे. साहेब इतके खूश झाले की त्यांनी आणखी एक धबधबा मंजूर केला.